उंच फाटकं

ओकलंडच्या त्या स्थानकात जुनी फाटकं होती
कमरेएवढी, नारिंगी पाखांची.
कॉर्डेल ती रोज ओलांडायचा
एका हातावर, दुसऱ्यात दप्तर,
आणि लव्हॉनला केबिनमध्ये
नेमका तेव्हाच चष्मा पुसायचा असायचा.

देणं फिटायचं रात्री.
शेवटची गाडी गेली, शटर पडलं
की तो खांबाशी उभा, खिशात हात घालून,
'सहज' म्हणत.
तिच्या गाडीपर्यंत एकशे चाळीस पावलं.
एकदा तिने त्याला अर्धं सँडविच दिलं,
तर म्हणाला, मोहरी फार झालीय.

मार्चमध्ये नवी फाटकं आली.
काचेची, माणसाहून उंच.
मिटताना फ्रीजच्या दारासारखी वाजतात.
पत्रक लागलं: प्रवासी आता अधिक सुरक्षित.
खोटं नाही ते.
मिसेस साएचाओ पुन्हा रात्रीच्या गाडीने येतात,
पर्स मांडीवर सैल सोडून.

कॉर्डेल कसा जातो कुणास ठाऊक.
बसने असेल. नाहीतर पायी.

लव्हॉन कुलूप लावते,
किल्ल्या बोटांच्या फटींत धरते, टोकं बाहेर,
आणि मोजत निघते.
परवा एकशे बावन्न भरली.
अंतर तेवढंच आहे.
बारा पावलं
मागे वळून बघण्यात गेली.