जावक

नुसरत पठाण, एम.एस्सी. दुसरं वर्ष,
काउंटरशी फोन धरून उभी :
"मॅडम, हा पेपर भेटंल का?"
ज्वारीची खोडमाशी. परभणीचं काळं रान.
दोन हंगाम, सहा वाण.
खाली लेखक, व्ही. एस. हालगे.
त्याखाली कुलूप.
कुलपाखाली भाव : एकोणचाळीस डॉलर,
अठ्ठेचाळीस तासांसाठी.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,
असं म्हणतात.
इथं आड आपला, पाणी आपलं,
पोहरा तेवढा परदेशात.

एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे मी.
आधी काम राखणीचं होतं :
पिशवी बाहेर, ओळखपत्र दाखवा, सही करा,
उशीर झाला तर रोजचे पन्नास पैसे.
ज्या मार्चला नियतकालिकांची वर्गणी बंद झाली
त्या रिकाम्या रॅकवर मुंजाजीनं
स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांचे डबे मांडले.
आता प्राध्यापक येतात, दार अर्धं लोटून :
"हे जर्नल खरं आहे का हो?
तीन हजारात, आठ दिवसांत छापतो म्हणतात."
मी संपादकाचा पत्ता बघते. नको म्हणते.
कुणी ऐकतं.
कुणाची बढती अडलेली असते.

वसमत रोडला हालगे सर शेंगा फोडत बसलेले.
सर, तुमचाच पेपर हवाय.
"माझ्याकडंही नाही. सही करून दिला ना त्यांना."
एक शेंग पोची निघाली, ती बाजूला टाकून म्हणाले,
"आता म्हणे लेखकानं दीड लाख भरले
की सगळ्यांना खुलं.
तेव्हा वाचायला कुलूप, आता लिहायला.
कुलूप तेच बाई, दार बदललं."
मग आत गेले. बराच वेळ ट्रंकेचा आवाज.
आणली ती फाईल : टाइप केलेली,
लाल शाईच्या दुरुस्त्या,
छापायला जाण्याआधीची.
ही द्यायला चालते, त्यांच्याच नियमात आहे.
मी वाचून गेले होते.
बारीक अक्षर वाचणं, हेच आता माझं काम.

मुंजाजी स्कॅनरवर एकेक पान ठेवतो.
सव्वीस वर्षं या खोलीचं कुलूप त्याच्या हातचं.
"फुकट दिलेलं पचत नसतं, मॅडम."
फुकट नाही मुंजाजी, खुलं.
"फरक काय?"
मला पटकन सांगता आलं नाही.

पान चौदा. आभार.
छापताना जागेअभावी गाळलेलं.
पहाटे पाचला, बॅटरीच्या उजेडात,
ओळीओळीनं पोंगेमर मोजणाऱ्या बाया :
गयाबाई धोत्रे, हमीदाबी, पारूबाई खिल्लारे,
रुखमनबाई वाघमोडे...
मुंजाजीचं बोट थांबलं.
"ही माय माझी."
एवढंच.
हात पँटला पुसला,
पान सरळ करून पुन्हा ठेवलं.
मग आणखी एकदा,
मशीननं नीट पाहिलं नसेल म्हणून.

रात्री साडेनऊला चढवलं.
शीर्षक, वर्ष, वाण,
आणि नऊ बायांची नावं,
कुणी शोधली तर सापडतील अशी.

सकाळी आकडा : तीन.
एक मी. एक नुसरत.
मुंजाजीकडं बटणांचा फोन.
तिसरं कोण?
जुन्या रजिस्टरात नाव असायचं,
गाव, वर्ग, वळणदार सही.
हे नवं कपाट कुणाला काही विचारत नाही.

मुंजाजी झाडता झाडता वर बघतो.
"आलं का कुणी?"
आलं.
"कोण?"
माहीत नाही. वाचून गेलं.
त्यानं झाडू भिंतीला टेकवला.
"चहा तरी विचारायचा मग," म्हणाला.