पाचशेचा स्टॅम्प

आत्यानं भावासाठी अर्ज भरला तेव्हा
मी दुसरीत होते.
बोलावणं आलं तेव्हा
एकवीस वर्षं, चार महिने.
आईबापाचं लेकरू म्हणून जायला
मी चार महिन्यांनी मोठी निघाले.

सन्मती सतरा वर्षांचा, तो बसला त्यांच्यात.
मला हरिपूरच्या घराची किल्ली,
आणि मार्केट यार्डातली आप्पांची खुर्ची,
जिचा एक पाय अजून आखूड आहे.

मग आप्पांनी माझ्यासाठी भरला अर्ज,
ओहायोतल्या गोदामात रात्रपाळ्या करून.
मुलगी. सज्ञान. अविवाहित.
या तीन शब्दांवर माझा नंबर उभा आहे.
तिसरा हलला
की पहिल्या दोघांना कुणी विचारत नाही.

शेजारच्या कबाडेकाकू लेकीला
स्थळं दाखवून दाखवून पिडतात.
माझे आप्पा रविवारी सकाळी फोनवर:
"जेवलीस का? हळद काय भाव गेली?"
मग आवाज उतरवून,
"आणि मधीच लगीन-बिगीन काढू नकोस हां बाळ.
अर्जच मरतोय."
असं सांगणारा बाप
सांगलीत दुसरा नसेल.
मागं आई असते. भांड्यांचा आवाज येतो.
तिनं माझ्यासाठी केलेल्या पाटल्या लॉकरात आहेत,
लॉकरचं भाडं मी भरते.

दर महिन्याला तारखांचा तक्ता लागतो.
मी बघते, जशी पावसाळ्यात
सगळी सांगली बघते
आयर्विनखाली पाणी किती फूट.
सरकलं. थांबलं.
एकदा तर एका महिन्यात दोन वर्षं मागं गेलं.
हे पाणी चढावं म्हणून वाट बघणारी
गावात मी एकटीच.

शीतल तोलाईचा हिशेब बघतो.
एकदा राजापुरीचं हळकुंड मोडून म्हणाला,
पेवात चार-पाच वर्षं ठेवली
तरी हिला कीड लागत नाही.
मी म्हणाले, हळदीचं ठीक आहे.
तो हसला नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर भडंगाचा पुडा,
नेहमीसारखा, निम्मा.

परवा वकिलाचा निरोप आला:
अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र पाठवा.
विजयनगरला, कोर्टासमोर, लिंबाखाली नोटरीचं टेबल.
"ओळखणारा साक्षीदार आणलाय?"
शीतल गाडी लावून आला,
हेल्मेट काखेत.
"किती वर्षं ओळखता यांना?"
"बारा."
"लग्न झालेलं नाही, खात्रीनं सांगता?"
मागं झेरॉक्सचं मशीन चाललं होतं.
"माझ्याइतकं खात्रीनं
कोण सांगणार."
नोटरींनी मान वर केली नाही.
दिवसाला चाळीस शिक्के मारायचे असतात त्यांना.

त्यानं सही केली सावकाश,
पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट,
पत्रिकेत छापतात तसं.
शेजारी माझी.
एका कागदावर दोघांची नावं,
सरकारी शिक्क्यानिशी,
आणि तारीखवार.

येताना हरिपुरात दादू पेव उघडत होता,
पुरातून वाचलेल्या दोन-चारांतलं एक.
फरशी सरकवली की लगेच उतरायचं नसतं,
आत कोंडलेली हवा माणूस मारते.
आधी दोरीला बांधून कंदील सोडतात.

आम्ही कडेला उभे राहिलो,
फाईल माझ्या छातीशी, हेल्मेट अजून त्याच्या काखेत.
कंदील खाली गेला.
बारीक झाला.
शीतल पुढं वाकला तसा दादूनं हात आडवा धरला.
"थांबा.
जळतोय अजून."