आनी कितले दीस?

असोळण्याच्या क्लबात, पूर्वी खत ठेवायचे त्या खोलीत
माझं टेबल, एक फ्रीज आणि हिरवा फळा.
फ्रीजमध्ये बर्फ, बर्फामागे कुणीतरी दडवलेली
बांगड्यांची पिशवी.
फळ्यावर नावं. नावांपुढे आठवडे.

मांडीमागचा स्नायू, ब्रायसन : तीन.
घोटा, सुकूर : दोन, म्हणजे चार,
कारण तो ऐकणार नाही.
कॉलरबोन, विश्राम : सहा. त्याचं लग्न पाचवर आलंय.
डोक्याला मार, आग्नेल : पुढे आकडा नाही,
ट्यूबलाइटकडे बघवेल तेव्हा बघू.

खेळ तुम्ही पाहिला नसेल.
रुझारच्या मामाने पर्थहून आणला तो चेंडू,
फणसाच्या कुयरीसारखा, दोन्हीकडून निमुळता;
आपटला की कुठे उडेल
ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.
कापलेल्या शेतात, तीन बांध मोडून केलेलं लांबट मैदान,
आणि वरचा चेंडू झेलायला
दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून चढायची
चक्क मुभा.

कायतान चढायचा.
रेंदेराचा मुलगा, त्याला वर जाणं शिकवावं लागलं नाही.
खाली येणं कुणी शिकवलंच नव्हतं.

मी बांधावर होते. आवाज ऐकला.
काठी मोडल्यासारखा, असं लोक सांगतात. तसा नव्हता.
वाळलेली शेंग उकलावी तेवढाच.
त्याने गुडघ्याकडे पाहिलं नाही,
माझ्याकडे पाहिलं,
आणि मी फळा झाले.
"आनी कितले दीस, बाये?"

नऊ महिने, म्हटलं.
त्याची आई मागे उभी होती, तिने मान हलवली,
तिला तो आकडा ओळखीचा.
त्याला मात्र कुणी तुरुंगाची तारीख वाचून दाखवल्यासारखा.

मग टाके, मग कुबड्या,
मग नुसतं पडून मांडी आवळणं, दहा मोजणं, सोडणं.
गुडघा नव्वद अंशांत वाकला त्या दिवशी
त्याने सगळ्यांना भजी खायला घातली.
चौथ्या महिन्यात सरळ रेषेत धावला.
सहाव्यात मोबोरच्या वाळूत, वळणं घेत.
नवव्यात एका पायावर उड्या :
चांगल्या पायाच्या शंभराला दुखऱ्याचे चौऱ्याण्णव.
मी सही केली. नाव पुसलं.

रविवारी चेंडू वर गेला.
सगळे उडाले.
कायतान खालीच, हात अर्धे वर,
आणि तो पाय जमिनीला विचारत होता,
जाऊ का?
जमीन काही बोलेना.

याला किती आठवडे लिहायचे
ते माझ्या पुस्तकांत नाही.

संध्याकाळी त्याचा बाप आला, बोस्त्यांव,
एका कुशीवर कलून, दार पकडत पकडत.
एकतीस वर्षांमागे माडावरून पडला होता.
चौथ्या दिवशी परत वर.
सूर वाट पाहत नाही, म्हणाला,
मडकं भरून वाहू लागतं.
चार दिवसांत बरा झालो होतो मी,
हे पोरगं नऊ महिने लोळलं.
एवढं बोलून बसायला गेला
आणि बसता बसता
तोंडून असा एक आवाज निघाला
की आम्ही दोघांनीही तो ऐकला नाही असं केलं.

थोड्या वेळाने फळ्याकडे बोट :
"म्हजें नांव घाल मगो थंय."

घातलं. कंबर, बोस्त्यांव.
पुढची जागा मोकळी सोडली.
पिशवीत बर्फ भरून कायतानने ती धरली
बापाच्या कुल्ल्याशी, उलट्या बाजूला बघत,
दोघेही ओशाळे.

सकाळी खोली उघडली तर
मोकळ्या जागेत सुकूरचं अक्षर :
दोन, म्हणजे चार.
बर्फ संपला होता.
बांगडे तसेच.