बोर्डावरून

बोर्डावरून आमच्याकडे भांडणं जुनी.
दुकानाच्या पाटीवर वर कन्नड किती, खाली मराठी किती,
अक्षरांची उंची पट्टीनं मोजून गेलेत लोक.
मी दोन्ही लिहिलं, कोपऱ्यात इंग्रजी,
आणि आत जाऊन बसलो दुसऱ्या बोर्डावर वाकून.
त्याला कुठलीच लिपी नाही
असं मला वाटायचं.

वडगावात, मागांच्या गल्लीत, माझं टेबल.
भिंतीपलीकडं खडाक्-खट् दिवसभर.
जुन्या धोट्याला सुतळीनं बांधलेला मोबाईल,
खाली पालथा टीव्ही, पोट उघडं,
आणि मी सांगूलालोय:
बघा, लाल दिवा सहा वेळा मिचकावतोय,
कंपनी म्हणणार पॅनेल बदला, अकरा हजार.
पॅनेल नको.
चाळीस रुपयांत उठतो हा.
असे दोनशे बारा उठवले, सगळ्यांच्या देखत.

पहिली नोटीस आली गाण्यासाठी.
मी गात नाही. मागांच्या शेजारी कोण गातो?
परत परत बघितलं तेव्हा कळलं,
शिवलीलाक्काचा टीव्ही चालू होताना
त्यानं कंपनीचे चार सूर वाजवले,
अक्का हरखून ओरडली, "आयतु!"
आणि त्या चार सुरांवर कुणाचा तरी हक्क निघाला.
बरा झालेला माणूस खोकला
आणि खोकल्याचा मालक दारात.

मग शिकलो.
टीव्ही उठायच्या वेळी स्पीकरवर तळहात दाबायचा,
रुद्राप्पाला हाक मारायची, "माग सोड रे",
त्या खडखडाटात सूर बुडवून टाकायचे.
तेवढ्यात वीतभर शहापुरी विणून व्हायची.

दुसरी नोटीस नकाशासाठी.
कुठली वाट कुठं जाते, करंट कुठं अडतो,
तो कागद त्यांचा. मान्य.
मी पोरीच्या वहीत पेन्सिलीनं स्वतः काढला,
मीटर टेकवत टेकवत, आंधळ्यानं गल्ली मोजावी तसा,
चार रात्री.
तोही त्यांचाच निघाला.
नकाशावरून भांडणंही इथं जुनीच म्हणा.

तिसऱ्या नोटिशीला कारण नव्हतं.

फॉर्म होता. सात दिवसांची मुदत.
मूळ कृतीचे मालक तुम्ही आहात का? होय. नाही.
टीव्ही अक्काचा, तिनं हप्त्यानं पैसे फेडलेत.
हात माझे.
कथील रविवार पेठेतलं.
बिघाड तेवढा कंपनीचा,
त्यावर मात्र हक्क सांगायला कोणी आलं नाही.
हे लिहायला जागा नव्हती. चौकोन दोनच.
पोरगी म्हणाली, "पप्पा, आपला पत्ता जाईल त्यांच्या वकिलाकडं."
मी फोन उलटा ठेवला, जेवलो.
आठव्या दिवशी दोनशे बाराच्या जागी
एक करडा चौकोन.

परवा हुक्केरीहून पोरगा आला, मिसरूड न फुटलेला,
टॉवेलात गुंडाळलेला बोर्ड दोन्ही हातांवर धरून.
घरी टीव्ही उघडाच, स्क्रू वाटीत,
पडदा गादीवर, त्यावर चादर.
"तुम्ही म्हणालात, आता ही पट्टी अलगद उचला,
आणि गेलं ओ सगळं. नऊ मिनिटांवर.
मी उचलली.
पुढं काय?"

मी स्टूल सरकवलं.
इस्त्री त्याच्या हातात दिली, सोल्डरची,
आणि नऊ मिनिटांपासून पुढं सांगायला लागलो.
दोनदा बोट भाजलं त्याचं. एकदा माझं.

दिवेलागणीला भिंतीवरच्या पडद्याला बोर्ड जोडला.
दिवा लाल, मग निळा,
आणि सवयीनं माझा तळहात स्पीकरवर.
शेजारी माग बंद. रुद्राप्पाचं सूत संपलेलं.
पोरगा माझ्या बोटांजवळ कान आणून बसला होता.
"हात काढा की, मामा," म्हणाला,
"ऐकू दे."