तिसऱ्या प्रकरणातली बाई

पानाला चाळीस रुपये.
अप्पा बळवंत चौकात, दुसऱ्या मजल्यावर,
लिमये म्हणाले, "खून लवकर येऊ द्या.
बाग, हवा, चहाची भांडी, सगळं कापा.
वाचक तेवढं ओलांडून जातो."

मी बाग कापली नाही.
तणनाशकाची बाटली बागेतच होती,
आणि किती थेंब कमी झालेत
हे माळ्याला नाही,
हातमोजे घालून गुलाब छाटणाऱ्या सुनेला ठाऊक होतं.

मग एक शब्द तीन दिवस अडला.
लग्न न केलेली, पिकल्या केसांची,
गावातली कुठली खिडकी किती वाजता मिटते ते जाणणारी ती,
तिला मराठीत काय म्हणायचं?
'प्रौढ कुमारिका' लिहिलं
तर वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म दिसायला लागला.
'म्हातारी' लिहिलं
तर ती भोपळ्यात बसून लेकीकडे निघाली.
'आजी'ला नातवंडं लागतात.
शेवटी लिहिलं, बाई.
नुसतं बाई म्हटलं की
पुण्यात हातात आपोआप पट्टी येते
आणि समोरचा, इन्स्पेक्टर का असेना, उठून उभा राहतो.

ती कोपऱ्यात विणत बसते.
विणताना मान खाली असते,
म्हणून लोक तिच्यासमोर बोलून टाकतात.

पण तिसऱ्या प्रकरणात आणखी एकजण आहे.
सकाळी पडदे सारते, ट्रे पाडते, किंचाळते.
पाचव्यात तिला काहीतरी आठवतं.
"उद्या सांगते," म्हणते.
सातव्यात तळ्यात सापडते.
तिला आडनाव नाही.
एवढ्या मोठ्या घरात
कुत्र्यालासुद्धा दोन नावं आहेत.

इथे मी पेन ठेवलं, कारण बेल वाजली.
हौसा पाटोळे.
पर्वतीच्या पायथ्यापासून चालत येते, अकरा घरं.
कुठला ग्लास दोनदा विसळावा लागतो,
कुठल्या पलंगाची एकच बाजू चुरगळते,
तिला विचारत कुणी नाही.
तिलाही आम्ही बाईच म्हणतो.
"आज आमची बाई आली नाही."
तोच शब्द, पट्टी नसलेला.

त्या आठवड्यात महाशब्द्यांची अंगठी गेली.
क्लबहाऊसमध्ये नऊ खुर्च्या, सगळ्या भरलेल्या.
हौसा उभी.
मी सचिव म्हणून इतिवृत्त लिहायला बसले होते,
मान खाली.
चेअरमन म्हणाले, "खरं सांग, पोलिसांत नाही देणार."
हौसानं पदराला हात पुसले.
म्हणाली, "बँकेची पाकिटं तीन महिने
न फोडता कचऱ्यात येतात.
कुणाच्या घरची, ते मी सांगू
का तुमच्यातलं कुणी सांगतंय?"

पंखा फिरत होता.
धाकटे महाशब्दे मोबाईल बघत होते. मोबाईल बंद होता.
आयत्या वेळचा विषय म्हणून
पाण्याच्या टाकीवर चर्चा झाली.

माफी कुणी मागितली नाही. तसं ते पुस्तकातही नसतं,
तिथे निदान सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून सांगतात तरी.
दुसऱ्या दिवशी तिनं भांडी जरा जोरात घासली,
इतकंच.

रात्री मी तळ्यातल्या पोरीला आडनाव दिलं.
मुद्रितशोधक गोगट्यांनी लाल शाईत लिहिलं, 'मुळात नाही.'
मी पुन्हा घातलं.
त्यांनी पुन्हा काढलं.

पुस्तक आलं.
मुखपृष्ठावर हॅटवाला, पाइप ओढणारा माणूस,
जो आत कुठल्याच पानावर नाही.
माझं नाव आत, छापखान्याच्या पत्त्याखाली.

हौसानं फरशी पुसता पुसता विचारलं, "मग कोण होतं?"
मी सांगितलं.
"ते दिसतच होतं," ती म्हणाली,
"मालकीण एकटी झोपते म्हणालात,
आणि ट्रेवर कप दोन होते ना?"
मी पुस्तक उघडून पाहिलं.
दोन होते. मीच लिहिले होते.
शोधता शोधता एकसष्टावं पान लागलं.
तिथे गोगट्यांची नजर चुकलीय.
आडनाव राहिलंय.