दुसऱ्या गेटावर दिलेलं भाषण

गेट पडलंय.
मालगाडी आहे, म्हणजे वेळ आहे.
धाकट्याच्या स्कूटरवर मागं मी, मांडीवर कुंद्याचा डबा,
आणि हेल्मेटच्या आत, काच खाली ओढून,
मी देते आहे ते भाषण
जे जुलैत द्यायचं राहिलं.

तिकडे व्यायामशाळेत ऐंशी मुलं रांगेत बसलेली,
पायांत शाळेतले पांढरे बूट,
बाहेर झाडाझाडांवर किड्यांची करवत.
मुख्याध्यापकांनी माईक दिला. तीन मिनिटं.
खिशात कागद होता, साधी साधी वाक्यं,
सगळी क्रियापदं मुलांना शिकवलेलीच.
मी म्हटलं, थँक यू.
आणि माईक परत दिला.

तर, मुलांनो.
केइगो, तू विचारलं होतंस
इंग्रजी तुमची स्वतःची आहे का सेन्सेई?
नाही रे. खानापुरात कौलांच्या कारखान्यामागं राहून
मी ती उष्टी-पाष्टी गोळा केली.
उच्चार कानडी मास्तरांचे, स्पेलिंग कुलकर्णीबाईंचं,
आणि ‘व्हेजिटेबल’ आमच्यात अजून चार तुकड्यांत मोडतं.
मग तुमच्या घरी कुठली भाषा?
मी म्हटलं, दारात कोण आलंय त्यावर आहे.
तुम्ही वहीत लिहून घेतलंत. कुणी हसलं नाही.

पुढचं मला सांगता आलं नाही,
की आमच्याकडे पाटीवरच्या अक्षरांना रात्रीत काळं लागतं
आणि सकाळी त्याच पाटीखालून आम्ही
ब्याडगी मिरची घेतो, भाव करतो,
दोन्ही भाषांत.

सतरा डबे झाले.
अठरा, हत्तोंबत्तु, निजू.
कुठून कुठं घसरते मी मोजताना.

ओकुमुरा-सान, आता तुमच्याशी.
तुम्ही भाषणाला नव्हता, मागं बॉयलर बघत होता.
तुम्ही दिलेली खारवलेली आलुबुखारं आईनं
लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवलीत.
एक चाखून म्हणाली, लई आंबट हाय की गे,
आणि भाकरीवर दुसरं घेतलं.

शेवटच्या सकाळी बसथांब्यावर तुम्ही वाकलात.
मीही वाकले आणि तोंडातून गेलं
इत्तेकिमासु.
जाऊन येते.
चूक होती. मागाहून कळलं किती.
ते म्हणतं सकाळी घरातून निघणारं माणूस,
रात्री जेवायला ज्याचं ताट असतं.
पण आमच्या दारातून कुणी ‘जाते’ म्हणत नाही,
आई म्हणूच देत नाही. शेजारची नीलव्वासुद्धा
अर्ध्या तासासाठी दळणाला जाताना
होगि बर्तेनि म्हणते, जाऊन येते,
आणि येते.

तुम्ही चूक दुरुस्त केली नाहीत.
वर्षभर मुलांच्या चुका लाल शाईनं खोडणारी मी
वाट बघत उभी होते.
तुम्ही माझ्या बुटांकडं बघितलंत,
हातमोजा काढलात
आणि म्हणालात, इत्तेराश्शाई.
जाऊन ये.
जसं घरातल्या माणसाला.

बस आली तेव्हा मी खिडकीशी बसले नाही.

आता इथं बारा वाजलेत. तिकडे साडेतीन.
मुलं बाक मागं सरकवत असतील, फडके पिळत असतील,
आणि नवीन कुणी, कॅनडाचं म्हणे,
माझ्या खुर्चीवर.
तिला सांगा, खालचा खण उचलून उघडावा लागतो.

डबा पोस्टात घेणार नाहीत, माहीत आहे. दुधाचं आहे.
काल कारकून म्हणाला, आत काय आहे ते
इंग्रजीत लिहा मॅडम, या रकान्यात.
कुंद्याला मला शब्द सुचला नाही.
रकाना रिकामा ठेवून परत आले.
आज पुन्हा चालले आहे.

गार्डाचा डबा गेला.
दोन्ही बाजूंचे लोक एकदमच किक मारतात.
धाकटा मान वळवून ओरडतो,
काय बडबडूलालीस गे आतल्या आत?
काही नाही, म्हणते. चल तू,
उघडलं बघ.