नागपूर–चेन्नई, अंदाजे वेळ

अंतर नऊशे आठ किलोमीटर,
वेळ एक तास पस्तीस मिनिटं.
मी फोनवरून वाचून दाखवलं.
बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे कुठून कुठवर मोजते?
चाक सुटल्यापासून, का दार लागल्यापासून?"

मला माहीत नव्हतं.
त्यात खामल्याहून सोनेगाव धरलं नव्हतं,
रांग धरली नव्हती,
पट्टा ट्रेमध्ये ठेवून
दोन्ही हातांनी पँट धरून उभे राहिलेले बाबा
धरले नव्हते. उजव्या डोळ्यातला पडदाही नाही,
ज्याच्यासाठी निघालो होतो.

दयाराम गजभिये, वय अठ्ठ्याहत्तर,
विमानात पहिल्यांदा.
पण पाच वर्षं विमानंच यायची त्यांच्याकडे,
मध्यरात्रीनंतर, एकेक करून,
मुंबईचं, दिल्लीचं, कलकत्त्याचं, मद्रासचं,
थैल्या बदलायची
आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत.
टॉर्च दातांत धरून बाबा
अख्ख्या देशाची खुशाली उचलायचे,
वजनावर.
"पत्र जाते," म्हणायचे, "माणूस राहते."

मद्रासच्या थैल्यांना लेबल बांधायचा कोणी एलुमलै.
लेबलामागे पेन्सिलीनं नाव, मोडक्या इंग्रजीत.
बाबांनी खाली आपलं लिहिलं, परत पाठवलं.
मग थंडी किती, मुलगी झाली, बोनस मिळाला का.
एका ओळीच्या वर कधी नाही,
लेबलच तेवढं.
"पाच वर्षांत त्यानं एकदाबी संत्री नाही मागितली,"
याचं बाबांना अजून कौतुक.
मग ती सेवा बंद झाली.
शेवटच्या लेबलावर काय होतं, ते सांगत नाहीत.

"शोधायचं का त्यांना?" मी विचारलं होतं तिकीट काढताना.
"पत्ता कुठं आहे?
लेबलावर पत्ता कोण लिहिते, बाप्पा?"

विमान उठलं. जयताळ्याची छपरं तिरपी झाली,
बाबांनी खिडकीकडे पाहिलंच नाही.
हातातलं एचएमटी काढून तळव्यावर घेतलं,
हवाई सुंदरीनं दिलेलं पाणी तसंच,
माझा अर्धवट प्रश्न तसाच.
अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला म्हणाले,
"आता अर्धं झालं.
इथून पुढं त्याचं."
खाली तेलंगणा असावा. ढगच होते.

चेन्नईला बॅग पट्ट्यावर फिरत आली.
बाबांनी आधी मूठ नाही धरली, लेबल धरलं,
अंगठ्यानं कडेकडेनं चाचपलं.
"चिकटवलं नुसतं. गाठच नाही मारली."
मागून लोक धक्के देत होते,
बाहेर टॅक्सीवाला फोनवर फोन करत होता,
दवाखान्याची वेळ अकराची.
बाबांनी लेबल उलटं केलं,
बऱ्या डोळ्याजवळ नेलं.
कोरं होतं.

"पेन आहे काय तुयाजवळ?"